मुलीला लोहाचं सिरप सुरू करू का?

मेघना, बी-३०४: मुलगी ९ वर्षांची आहे. हल्ली सारखी दमते, चेहरा फिका वाटतो. पुतण्याला लोहाच्या सिरपने फरक पडला होता, त्याची उरलेली बाटली आहे घरात. सुरू करू का?

राजन काका, ए-१०२: दे बिनधास्त. रक्तच वाढतं, अपाय काय होणार?

अश्विनी, सी-२०१: काका, अपाय होतो. मुलांच्या वॉर्डात काम करते म्हणून सविस्तर लिहिते.

मेघना, आधी रक्त तपासून घे. या वयात हिमोग्लोबिन ११.५ च्या खाली गेलं की अ‍ॅनिमिया धरतात. पण तो लोहाच्याच कमतरतेचा असेल असं नाही, म्हणून फेरिटिनही बघतात, त्यावरून शरीरातला लोहाचा साठा कळतो. थॅलेसेमिया मायनर, म्हणजे रक्ताचा सौम्य आनुवंशिक दोष, असेल तरी हिमोग्लोबिन कमी येतं. लोहाचा साठा मात्र नीट असतो, मग कितीही सिरप पाजलं तरी आकडा हलत नाही. तिला ताप-सर्दी असेल तर थांब, तेव्हा फेरिटिन उगाच वाढलेलं दिसतं.

कमतरता निघाली तर मात्र औषध टाळू नकोस. अ‍ॅनिमिया असलेल्या शाळकरी मुलांना लोह दिल्यावर त्यांचं लक्ष आणि बुद्ध्यांक चाचणीतले गुण सुधारलेले अभ्यासांत दिसले आहेत. हिमोग्लोबिन वाढलं म्हणून लगेच बंदही करायचं नाही, साठा भरायला पुढे दोन-तीन महिने लागतात.

राजन काका, ए-१०२: पण जागतिक आरोग्य संघटना सरसकट द्या म्हणते ना?

अश्विनी, सी-२०१: जिथे ४० टक्के किंवा जास्त मुलांना अ‍ॅनिमिया आहे तिथे म्हणते, काका. ५ ते १२ वयाला रोज ३० ते ६० मिग्रॅ, वर्षातून सलग ३ महिने. मलेरियाच्या भागात मलेरियाच्या बंदोबस्तासोबतच. एका मुलीवर उपचार करताना डोस तिच्या वजनावर ठरतो.

स्नेहल, बी-१०१: सिरपने दात काळे होतात का गं?

अश्विनी, सी-२०१: डाग पडतात, निघतातही. स्ट्रॉने द्यायचं, नंतर चूळ भरायला लावायची. शी काळी होते, त्याला घाबरू नका. दुधासोबत मात्र देऊ नका, लोह कमी शोषलं जातं.

आणि ज्यांच्या घरात लहान मूल आहे त्यांनी हे नक्की वाचा. वजनाच्या दर किलोमागे ६० मिग्रॅपेक्षा जास्त लोह एकदम पोटात गेलं तर जिवावर बेततं. मोठ्यांच्या २०० मिग्रॅ फेरस सल्फेटच्या गोळीत प्रत्यक्ष लोह ६५ मिग्रॅ असतं. म्हणजे १० किलोच्या बाळाच्या जिवावर बेतायला अशा दहा गोळ्या पुरतात. आधी उलट्या-जुलाब होतात, मग काही तास मूल सावरल्यासारखं दिसतं आणि नंतर एकदम ढासळतं. ते सावरणं बघून घरी थांबू नका. गोळ्या खाल्ल्याचा नुसता संशय आला तरी तडक हॉस्पिटल गाठा.

मेघना, बी-३०४: बाटली टेबलावरच होती गं, धाकटा दीड वर्षाचा आहे. आत्ता कुलपात ठेवली. उद्याच डॉक्टरांना विचारून तपासणी करून घेते.

अश्विनी, सी-२०१: छान. सिरप कोणतं आणि किती मिली, हे डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहून घे. प्रत्येक कंपनीच्या सिरपमध्ये लोहाचं प्रमाण वेगळं असतं, पुतण्याचा डोस तिला चालणार नाही.