‘चुका काढा’ म्हणजे नेमकं काय करा?

कृष्णाकाठ

मी पलूस तालुक्यात सातवीला इंग्रजी शिकवते. नेहमी होणाऱ्या चुकांचा सराव व्हावा म्हणून दर शनिवारी आठ-दहा चुकीची वाक्यं फळ्यावर लिहिते आणि मुलं ती पेन्सिलीने वहीत उतरवून घेतात. वाक्यं इंग्रजी असली तरी वरची सूचना मराठीत असते, कारण सूचनेतच अडकली तर पोरं वाक्यापर्यंत पोचत नाहीत. गेल्या शनिवारी सूचना होती, ‘खालील वाक्यांतील चुका काढा.’

एका मुलीची वही बघितली. ‘शी डिड नॉट वेंट टू तासगाव’ यातला ‘वेंट’ खोडरबराने इतका घासून पुसलेला की कागदाला लव आलेली. त्या जागी काहीच लिहिलेलं नाही. ‘आय हॅव टू ब्रदर’मधला ‘ब्रदर’ पुसलेला. ‘ही इज माय बेस्ट फ्रेंड, इझंट इट’मधलं ‘इझंट इट’ पुसलेलं. आठही वाक्यांत अशीच एकेक रिकामी जागा, आणि वहीच्या मधल्या शिवणीत रबराचा भुगा साठलेला. मी विचारलं, अगं, बरोबर शब्द कुठं आहेत? ती म्हणाली, “बाई, चुका काढा म्हणून तुम्हीच लिवलंय न्हवं? काढल्या की.”

आठही ठिकाणी चूक तिने अचूक हेरली होती. त्यातल्या दोन वाक्यांत तर पुसणं हेच उत्तर होतं. ‘वी डिस्कस्ड अबाउट द मॅच’मधला ‘अबाउट’ गेला की वाक्य नीट होतं, आणि ‘अल्दो इट वॉज रेनिंग, बट वी प्लेड’मधला ‘बट’ गेला की तेही. मी तिला आठपैकी आठ दिले, कारण सांगितलेलं काम तिने केलं होतं. चूक सूचनेत होती.

आता शोधा, ओळखा, सुधारा, दुरुस्त करा, शुद्ध करा यांतलं काय लिहू? शोधणं आणि नीट करणं ही दोन्ही कामं सांगणारं एकच क्रियापद मराठीत आहे का?

माणदेशी

ताई, पोरगी बरोबर आहे. ‘काढणे’ या क्रियापदातच दोन उलट अर्थ आहेत. तण काढतो तेव्हा ते बांधावर फेकतो. हळद काढतो तेव्हा जमिनीतून वर आणतो आणि जिवापाड जपतो. विहिरीचा गाळ काढायचा तो टाकायला, पण पाणी काढायचं ते भरायला. चित्र काढतो तेव्हा तर आधी काही नसतंच. मग चूक काढणं तणासारखं की हळदीसारखं? मोठी माणसं ‘तो सारखा चुका काढतो’ म्हणतात तेव्हा हळदीसारखं, म्हणजे दडलेली चूक उजेडात आणायची. पोरीने तणासारखं घेतलं. दोन्ही मराठीच.

माझी आजी भांगलताना म्हणायची, “नुसतं वरनं खुडू नगंस, मुळासकट काढ.” त्या पोरीने तेच केलं.

अजिंक्यतारा

सरळ ‘चुका शोधून वाक्ये शुद्ध करा’ असं लिहा. ‘दुरुस्त’ टाळा, तो शब्द फारसी आहे. आपल्याकडे चांगला शब्द असताना उसना कशाला? शिवाजी महाराजांनी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो याच जाणिवेने. सावरकरांनी ‘महापौर’, ‘हुतात्मा’ असे शब्द दिले तेव्हाही लोक हसले होते, आज ते तोंडी बसलेत. शाळेच्या सूचनेत तरी शब्द निवडून वापरायला हवा, कारण मुलं तोच आयुष्यभर वापरतात.

कऱ्हाडकर

‘दुरुस्त’ फारसी आहे हे खरंच. पण सायकल दुरुस्तीचं दुकान, मोटार दुरुस्ती, नळ दुरुस्ती, दप्तराची चेन दुरुस्त करून आणणं, हे सातवीतल्या पोराच्या रोजच्या बघण्यातलं आहे. पंक्चर शोधलं आणि तसंच सोडून दिलं तर त्याला कुणी दुरुस्ती म्हणत नाही. दुरुस्ती म्हणजे वस्तू परत चालू झाली पाहिजे, हे त्या शब्दाबरोबरच मुलाला कळतं. ‘शुद्ध करा’ म्हटलं की त्याला पाणी उकळणं आठवेल.

आणि फारसी काढायचंच ठरवलं तर ‘कागद’, ‘दप्तर’, ‘शाई’ इथपासून सुरुवात करावी लागेल. मग वर्गात उरेल काय?

अजिंक्यतारा

सगळे काढा असं मी म्हटलेलं नाही. जिथे पर्याय सहज आहे तिथे तो वापरा, एवढंच. ‘शुद्ध’ अवघड आहे का? ‘शुद्धलेखन’ पहिलीतल्या मुलालाही कळतं.

माणदेशी

कळतं, आणि लागतंही. मी म्हसवडकडचा. तालुक्याच्या शाळेत आलो तेव्हा ‘न्हाई’, ‘व्हतं’, ‘आनी’, ‘पानी’ असं बोलायचो. गुरुजी म्हणायचे, तुझी भाषा अशुद्ध आहे. घरी आई तशीच बोलायची. मला वाटायचं, म्हणजे आई अशुद्ध? वर्षभर वर्गात हात वर केला नाही. आज माझी मुलगी इंग्रजीत चुकते तेव्हा मी तिला ‘इंग्रजीत असं म्हणत नाहीत, असं म्हणतात’ एवढंच सांगतो. शुद्ध-अशुद्ध हा शब्द मी घरात येऊ देत नाही. ‘प्रमाण’ म्हणा, ‘रीत’ म्हणा, पण लेकराच्या वहीवर ‘अशुद्ध’ लिहू नका ही विनंती.

जुना छापखाना

सांगलीत बत्तीस वर्षं मुद्रितं, म्हणजे छपाईआधीची प्रुफं, तपासली, म्हणून दोन शब्द लिहितो.

ताईंना हवा असलेला, दोन्ही कामं सांगणारा शब्द मराठीत आहे आणि तो आमच्या धंद्याच्या नावातच आहे, मुद्रितशोधन. संस्कृतात ‘शुध्’ धातूपासून ‘शोधन’ झालं, त्याचा अर्थ स्वच्छ करणे. मराठीत ‘शोधणे’ म्हणजे हुडकणे. ‘शोधन’ म्हटलं की हुडकणंही आलं आणि स्वच्छ करणंही आलं. हिंदीवाले अजून पहिला अर्थ धरून आहेत, म्हणून ते घटनेचं ‘संशोधन’ करतात आणि आपण घटनादुरुस्ती करतो. आपल्याकडे संशोधन म्हणजे नवीन काही शोधून काढणं. शब्द एकच, नदी ओलांडली की अर्थ बदलला.

आमच्या कामात तीन वेगळ्या खुणा असतात. जादा अक्षर काढायचं त्याची एक, राहिलेलं घालायचं त्याची दुसरी, चुकलेलं बदलायचं त्याची तिसरी. खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरं, जुळवणाऱ्याला नुसतं ‘चूक आहे’ सांगून भागत नाही, काय करायचं ते समासात दाखवावं लागतं. नवीन पोरगा कामाला आला की सगळं खोडत सुटायचा. त्याला मी एकच शिकवायचो, खोडलंस तर समासात काहीतरी लिही, नाहीतर खोडू नकोस.

ताईंच्या वाक्यांतही हेच तीन प्रकार आहेत. ‘डिस्कस अबाउट’मध्ये काढायचं. ‘डिड नॉट वेंट’मध्ये बदलून ‘गो’ करायचं. ‘ब्रदर’ला ‘एस’ घालायचा.

कृष्णाकाठ

काका, हे फारच कामाचं आहे. पण सातवीतल्या मुलांना ‘शोधन करा’ म्हटलं तर ती माझ्याकडे बघत राहतील.

तुमचे तीन प्रकार वाचून एक ध्यानात आलं. आमच्या मुलांच्या बहुतेक चुका मराठीतून सरळ चालत येतात. ‘जरी पाऊस होता तरी खेळलो’ यात आपल्याला ‘तरी’ लागतोच, म्हणून ‘अल्दो’नंतर ‘बट’ येतो. ‘सामन्याविषयी चर्चा केली’ म्हणून ‘डिस्कस’पुढे ‘अबाउट’. ‘सकाळपासून’ आणि ‘तीन वर्षांपासून’ दोन्हीला आपण ‘पासून’च लावतो, म्हणून पोरं ‘सिन्स थ्री इयर्स’ लिहितात, ‘फॉर’ त्यांना सुचतच नाही. ‘उद्याच’मधल्या ‘च’चं ‘टुमॉरो ओन्ली’ होतं. आणि ‘ए’, ‘ॲन’, ‘द’ मराठीत नाहीतच, तेव्हा ते कुठं घालायचे हे मूल ठरवणार कशावरून? ही चूक पुसून जात नाही, तिथे तर नवीन शब्द आणून बसवावा लागतो.

मिरजेची

एक विचारते. यांतल्या काही चुका आहेत तरी का? मला पहिल्या नोकरीत मुलाखतीचा दिवस अलीकडे आणायचा होता, म्हणून मी पत्रात ‘प्रीपोन’ लिहिलं. साहेबांनी सगळ्यांसमोर वाचून दाखवलं आणि म्हणाले, असा शब्दच नाही. आज तो ऑक्सफर्डच्या कोशात आहे. तेव्हा मला घरी येऊन रडू आलं होतं.

‘गिव्ह एक्झाम’चंही तसंच. आपल्याकडे विद्यार्थी परीक्षा देतो आणि मास्तर घेतात. इंग्रजीत विद्यार्थीच ‘टेक’ करतो, म्हणजे घेतो. देणं-घेणंच उलटं. सगळा देश ‘एक्झाम दिली’ म्हणतो, त्याला चूक म्हणायचं की आपलं इंग्रजी म्हणायचं?

कऱ्हाडकर

मी मुलांची स्पर्धा परीक्षांची तयारी करून घेतो. तिथे ‘चूक ओळखा’ असा वेगळाच प्रश्न असतो. वाक्याचे चार भाग पाडलेले, कोणत्या भागात चूक आहे तेवढा क्रमांक द्यायचा, आणि ‘चूक नाही’ हाही पर्याय असतो. दुरुस्ती कुणी मागतच नाही. तिथे ‘गिव्ह एक्झाम’ लिहिलंत तर गुण गेला. बोलताना वापरा, पण कुठे चालत नाही ते माहीत असू द्या.

मिरजेची

म्हणजे परीक्षा घेणाऱ्याने ठरवली ती चूक. इंग्रजी कवी ड्रायडन यांनी १६७२ मध्ये नाटककार बेन जॉन्सन यांच्या वाक्यांच्या शेवटी शब्दयोगी अव्यय (‘प्रिपोझिशन’) येतं म्हणून नावं ठेवली, आणि शाळांतून पिढ्यान् पिढ्या तो नियम म्हणून शिकवला गेला. खुद्द इंग्रज बोलताना तो कधी पाळत नाहीत.

जुना छापखाना

मराठीतही झालंय. माझ्या वडिलांची पत्रं आहेत माझ्याकडे. त्यात ‘नांव’, ‘घरांत’, ‘कां’ असे अनुस्वार आहेत. त्या काळी ते देणं बरोबर आणि न देणं चूक. १९६२चे शुद्धलेखनाचे नियम आले आणि उच्चारात नसलेले अनुस्वार गेले. सुरुवातीला छापखान्यात आमचे थोरले रोज ते खोडत बसायचे. वडील मात्र शेवटपर्यंत ‘नांव’च लिहीत राहिले. मी त्यांच्या पत्रातलं एकही टिंब कधी खोडलं नाही.

अजिंक्यतारा

नियम बदलतात हे मान्य, पण आज जो आहे तो पाळायला नको का? मुलीने ‘डिड नॉट वेंट’ लिहिलं तर तुम्ही ‘आपलं इंग्रजी’ म्हणून सोडणार का?

माणदेशींनी लिहिलेलं वाचून मात्र थांबलो. माझे वडील शिक्षक होते. तेही मुलांना ‘अशुद्ध’ म्हणत असणार. ‘शुद्ध करा’चा आग्रह सोडतो. ‘दुरुस्त’चा विरोध सोडत नाही.

माणदेशी

‘चूक’ तरी कुठून आली सांगा. आमचे एक सर ‘च्युत’ म्हणायचे, पदच्युतमधला.

जुना छापखाना

ऐकायला बरं वाटतं, पण प्राकृतात ‘चुक्कइ’ आहे, हुकतो या अर्थी. वाट चुकते, नेम चुकतो, ताळा चुकतो, त्यातलीच ही चूक. तिच्यात घाण नाही, ढळणं आहे. म्हणून तिला शुद्ध करायची गरज नाही, वाटेवर आणायची गरज आहे.

कृष्णाकाठ

उद्याच्या शनिवारची सूचना लिहिली: ‘जिथे चूक आहे तिथे खाली रेघ मारा. मग पूर्ण वाक्य पुन्हा नीट लिहा.’ एक क्रियापद सापडलं नाही, दोन वाक्यं लागली. आणि खोडरबर दप्तरातच ठेवायला सांगणार आहे, म्हणजे चूकही दिसत राहील आणि खाली बरोबर वाक्यही.

कऱ्हाडकर

ताई, रेघ मारायची की ओढायची? आमच्याकडे अक्षराखालची ओढतात. मारलेली रेघ म्हणजे शब्दावरून आडवी गेलेली, ती खोडलेल्याची.

कृष्णाकाठ

आमच्याकडे दोन्हीला मारतात. थांबा, मुलांनाच विचारते.