हाशिमोटो, कोरडे डोळे आणि आता लिव्हर: आईची बायोप्सी करावी का?

सिंहगडरोडची_लेक
नमस्कार. आई ५४ वर्षांची. हाशिमोटो थायरॉईड (स्वतःची प्रतिकारशक्तीच थायरॉईडवर उलटते तो ऑटोइम्यून आजार) ११ वर्षं, गोळी नियमित. दोन वर्षांपासून डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं, तोंड इतकं कोरडं की पाण्याच्या घोटाशिवाय भाकरी उतरत नाही. हल्ली एक जिना चढली की बसूनच घेते. लिव्हरचं एन्झाइम एसजीपीटी २१४ आलं, खूप वाढलेलं. एका डॉक्टरांनी 'फॅटी लिव्हर, वजन कमी करा' म्हणून पाठवलं. आईचं वजन ४७ किलो आहे! तीन महिन्यांनी पुन्हा १९६. हिपॅटायटिस बी, सी निगेटिव्ह, एएनए (ऑटोइम्यून आजारात दिसणारी अँटीबॉडी) पॉझिटिव्ह, रक्तातल्या अँटीबॉडींचं प्रमाण म्हणजे आयजीजी २३८०, तेही वाढलेलं. आता पोटविकारतज्ज्ञ बायोप्सी, म्हणजे सुईने लिव्हरचा तुकडा काढून तपासणं, सांगताहेत. बाबांचं म्हणणं, सुई कशाला, सरळ स्टेरॉइड सुरू करा. एएनए थायरॉईडवाल्यांतही येतो ना?

कोथरूड_मावशी
हो, येतो. नुसत्या एएनएवरून लिव्हरचं काहीच ठरत नाही. पण आयजीजी एवढं वाढलंय, ते सोडून देऊ नकोस. मला आधी शोग्रेन (डोळे-तोंड कोरडं पाडणारा ऑटोइम्यून आजार) निघाला, मग रात्री तळपायांना खाज सुटायची. दोन वर्षं मी त्वचेचे मलम लावत बसले. माझं अल्कलाइन फॉस्फेटेज हे लिव्हरचं दुसरं एन्झाइम वाढलेलं होतं, एएमए ही अँटीबॉडी पॉझिटिव्ह आली, म्हणजे पीबीसी, लिव्हरमधल्या पित्तनलिकांचा ऑटोइम्यून आजार. त्याचं औषध वेगळं, अर्सो. म्हणून आईचं एएमए आणि एसएमए (ऑटोइम्यून हिपॅटायटिसमध्ये दिसणारी अँटीबॉडी) झालंय का बघ. आणि डोळ्यांचं पोटाच्या डॉक्टरांना सांगितलंस का? मी नव्हतं सांगितलं, डोळ्यांची फाईल वेगळी होती.

लॅबवाला_पुणे
बाबांना एवढंच सांगा: स्टेरॉइडने एन्झाइम उतरतात, आणि नंतर घेतलेल्या तुकड्यात मूळ चित्र पुसट होतं. ऑटोइम्यून हिपॅटायटिसचे (प्रतिकारशक्ती लिव्हरवरच उलटते तो आजार) उपचार बहुधा वर्षानुवर्षं चालतात, तेव्हा सुरुवातीलाच पक्कं झालेलं बरं. लिव्हर किती कडक झालंय तेही त्यातच कळतं. आधी रक्त नीट गोठतं का म्हणून प्लेटलेट आणि पीटी-आयएनआर बघतात, जागा बधिर करतात, नंतर काही तास उजव्या कुशीवर पडून राहायचं.
एक महत्त्वाचं: आई गुळवेल घेते का? २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेलीनंतर लिव्हर बिघडलेल्या सहा रुग्णांबद्दल लिहिलं होतं, चित्र ऑटोइम्यूनसारखंच. आयुष मंत्रालयाने ते मान्य केलं नव्हतं. तरी डॉक्टरांना सांगाच.

सिंहगडरोडची_लेक
विचारलं. करोनापासून रोज सकाळी गुळवेलीचा काढा! 'ते काय औषध आहे का' म्हणाली, म्हणून मी कधी कुठे लिहिलंच नव्हतं. आजपासून बंद. मावशी, एएमए निगेटिव्ह आहे, एसएमए पॉझिटिव्ह. डोळ्यांची, थायरॉईडची, लिव्हरची अशा तिन्ही फायली एका पिशवीत घातल्यात. डॉक्टरांना काढ्याचं फोनवर कळवलं, ते म्हणाले बायोप्सी तरीही करायची. गुरुवारी सकाळी आहे. बाबा बरोबर येताहेत.