मदत हवी आहे : अण्णांची कांदा-लसूण चटणी ओलसर झालीय

गच्चीवरची_मिरची (सांगली): लवकर सांगा कोणीतरी. अण्णा गेल्यावर यंदा पहिल्यांदाच मी चटणी केली. डंकावरून कुटून आणली तेव्हा वास अगदी त्यांच्या चटणीचा होता, तिथंच डोळे भरून आले. आज बरणी उघडली तर गोळे झालेत आणि आंबूस वास येतोय. रविवारी अण्णांना जाऊन वर्ष होतं. त्यांचे कारखान्यातले मित्र येणार आहेत. चटणीचा पहिला डबा अण्णा दरवर्षी त्यांनाच द्यायचे. काय करू?

कृष्णाकाठ: किती किलोची? कांदा वाळवलेला की ओला? कुटून किती दिवस झाले?

तासगावची_सून: मिरची चुकली असणार. आम्ही निम्मी ब्याडगी, निम्मी संकेश्वरी घेतो. ब्याडगीनं रंग, संकेश्वरीनं तिखटपणा.

कृष्णाकाठ: मिरची कमी वाळली असेल तर समजू शकतो. जातीचा ओलसरपणाशी काय संबंध?

माणदेशी: श्राद्धाला कांदा-लसूण चालत नाही. पानात वाढू नका.

तासगावची_सून: त्यांनी ते विचारलंच नाहीये हो. आणि हळकुंड आपल्या सांगलीचं राजापुरीच घाला. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालंय ते उगाच नाही.

मिरज_जंक्शन: डंकावर जाताच कशाला? मी सगळं मिक्सरला काढतो.

तासगावची_सून: मिक्सरमध्ये मसाला तापतो. कुटलेल्याची चव त्याला येत नाही.

गच्चीवरची_मिरची: श्राद्धाचं दुपारी, मित्र रात्री येणार. दोन किलो मिरची, दोन किलो कांदा, कुटून दहा दिवस झाले. अण्णांच्या वहीत एवढंच आहे, ‘कांदा लाल होईपर्यंत’. मी ओलाच चिरून परतला, कोथिंबीर धुऊन लगेच घातली. अण्णा कांदा गच्चीवर वाळत घालायचे, हे आत्ता लिहिताना आठवलं.

कृष्णाकाठ: तेच कारण. लाल म्हणजे नुसता रंग बदलेपर्यंत नव्हे, हातानं चुरा होईल इतका कडक. मऊ राहिला की त्याचं पाणी चटणीत उतरतं. बुरशी दिसतेय का? दिसत असेल तर वरचं काढून खालचं ठेवू नका, सगळी टाका.

गच्चीवरची_मिरची: पांढरे ठिपके आहेत, खालपर्यंत. टाकते. फार जीवावर आलंय. रविवारपुरती अर्धा किलोची करते, पण या पावसात कांदा वाळवू कुठं?

कृष्णाकाठ: वाळवू नका. पातळ उभा चिरा, भरपूर तेलात मंद आचेवर थोडा थोडा तळा, कागदावर निथळा. मिरची कढईत गरम करून घ्या. कोथिंबीर पंख्याखाली पूर्ण सुकवून मगच तळा. कुटून आणली की परातीत पसरून गार होऊ द्या, गरम भरली तर वाफ धरते. बरणीत मधे मधे हिंगाचे खडे ठेवा.

गच्चीवरची_मिरची: हिंगाचे खडे! दरवर्षी बरणी संपत आली की तळाशी सापडायचे. मला वाटायचं कुटताना राहून गेलेत, मी टाकून द्यायचे. अण्णा कधी काही बोलले नाहीत. उद्या सकाळी मिरचीबरोबर आणते.