रुग्णवाहिकेतील फजिती आणि चमत्कारिक कॉल : नोंद कोणत्या शब्दांत करावी?

प्रश्न : सत्तरी तालुक्यातील (गोवा) ईएमटी

सर्व अनुभवी मंडळींना नमस्कार. मी गेले अकरा महिने रुग्णवाहिकेवर ईएमटी (आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञ) म्हणून काम करीत आहे. प्रशिक्षणात शरीरशास्त्र भरपूर शिकवले गेले. परंतु स्वतःच्याच गाडीत घडणाऱ्या फजितीविषयी कोणी काही सांगितले नाही, म्हणून येथे विचारतो.

मागच्या पावसाळ्यात रात्री दोनच्या सुमारास कॉल आला : बाईला सर्प चावला आहे, देऊळवाड्यावर या, खुरसाकडे थांबतो. एवढे बोलून फोन तुटला. (वाडा म्हणजे गावातील वस्ती, खुरीस म्हणजे क्रूस.) आम्हांला ठाऊक असलेल्या गावातील देऊळवाड्यावर आम्ही गेलो आणि खुरीसही सापडला. पण तेथे सगळा वाडा निजलेला होता. खरा देऊळवाडा शेजारच्या पंचायतीत निघाला आणि वीस मिनिटे वाया गेली. पोहोचलो तेव्हा बाईच्या घोट्याच्या वर नायलॉनची दोरी आवळून बांधलेली होती. ती मी सोडली नाही. पाय फळीला बांधून स्थिर ठेवला. घरच्यांनी ‘डॉक्टरांना दाखवायला’ म्हणून झाकण लावलेली एक बादली दिली. साप मेला आहे, असे त्यांनी सांगितले आणि मी ती बादली विचार न करता बाकाखाली सरकवली. पुढच्या वळणावर झाकण आतून हलले. पायलटने, म्हणजे चालकाने, गाडी थांबवली, आम्ही दोघेही खाली उतरलो, आणि आत राहिली ती पेशंट. तीच शांतपणे म्हणाली, ‘बादली खाली काढा आणि चला.’ बाई बरी होऊन घरी गेली.

नोंदवहीत मी ‘पत्ता सापडण्यास विलंब’ एवढेच लिहिले. बादलीचा उल्लेख करावयास हवा होता का? दोरीविषयीचा निर्णय बरोबर होता का? आणि आपल्यालाही असे कॉल आले असतील, तर ऐकण्याची इच्छा आहे.

उत्तर १ : कॅज्युअल्टीतील सिस्टर

दोरी सोडली नाही हे योग्यच केलेत. आवळलेली दोरी एकदम सोडली, तर अडलेले विष एकाच वेळी शरीरात पसरून पेशंटचा श्वास वाटेतच मंदावण्याची भीती असते. म्हणून डॉक्टर, प्रतिविष आणि श्वासाची साधने हाताशी असतील तेथेच ती सोडतात. मुळात ती बांधूच नये, हे गावोगावी सांगून आमचा घसा बसला.

सापाबद्दल मात्र थोडे रागावूनच लिहिते. आपल्याकडे मिळणारे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर एकत्रच असते. त्यामुळे उपचार सुरू करण्यासाठी बादलीतील पाहुण्याची गरज नसते. आम्ही लक्षणे बघतो, आणि शिरेतील रक्त काचेच्या कोरड्या नळीत २० मिनिटे न हलवता ठेवून ते गोठते की नाही हे पाहतो. घरच्यांनी लांबून फोटो काढलाच असेल, तर तो पुरे. मेलेल्या सापाचे डोकेही काही काळ प्रतिक्षिप्त क्रियेने चावू शकते. तेव्हा बादलीची नोंद अवश्य करा. आपली लाज वाचवण्यासाठी वाक्य आखडले, तर पुढच्या शिफ्टचा ईएमटीही तशीच बादली घेऊन येईल.

चमत्कारिक कॉलचे विचाराल, तर माझ्या लक्षात राहिलेला एकच. ‘मुलगा शाळेत जायचे नाही म्हणून सोंग करतो आहे, पोटात दुखते म्हणतो, डोळे उघडत नाही’ असा पहाटेचा निरोप होता. आजी हसत होती. तो जमिनीवर झोपलेला होता, अंगावर कोठेही सूज नव्हती, चाव्याची खूण शोधूनही मिळेना. पण दोन्ही पापण्या वर उचलल्या जात नव्हत्या. मण्यारीचा चावा असाच असतो : बहुधा रात्री, झोपेत, जवळजवळ न दुखणारा. त्या मुलाला पुढे कृत्रिम श्वासावर ठेवावे लागले. तो वाचला, कारण गाडीतील ईएमटीने ‘सोंग’ हा शब्द जसाच्या तसा आमच्यापर्यंत न आणता पापण्यांविषयी सांगितले.

उत्तर २ : कॉल घेणारी

देऊळवाड्याचा दोष तुमच्या एकट्याच्या माथी मारू नका. तो निम्मा माझ्यासारख्या फोन घेणाऱ्यांचा आहे. गोव्यात देऊळवाडा एक नाही, आणि खुरीस तर वाड्यावाड्यावर आहे. मी आता आधी तालुका, मग पंचायत, मग वाडा विचारते आणि शेवटी, ‘रस्त्यावरून काय दिसते?’ असे विचारते. घाबरलेल्या माणसाला घराचा नंबर आठवत नाही. पण निळे गेट, बंद पडलेली गिरण, बार, यांतले काही ना काही तो सांगतो.

२४ जूनची एक आठवण सांगते. सांजावाच्या (सेंट जॉनच्या सणाच्या) दिवशी डोक्यावर कोपेल, म्हणजे पानाफुलांचा मुकुट, घालून विहिरीत उड्या मारण्याची प्रथा सर्वांना ठाऊक आहे. त्या दुपारी एकाने फोनवर सांगितले, ‘ताणें बांयंत उडी मारली’ (त्याने विहिरीत उडी मारली). मागे घुमट या वाद्याचा आवाज, गाणी, हशा. आता ही आनंदाची बातमी की अपघाताची, हे मला पहिली पाचसहा सेकंद कळेना! मी एवढेच विचारले, ‘वर आला का?’ तो म्हणाला, ‘आला, पण हात हलवीत नाही.’ लगेच सांगितले की त्याला ओढून काठावर घेऊ नका, पाण्यातच पाठीवर तरंगत धरा, नाक-तोंड पाण्याबाहेर ठेवा, मान वळू देऊ नका. पाणी कमी असले की अशा उडीत मानेचे हाड मोडते, आणि मदतीला धावलेली माणसे हात धरून वर खेचताना उरलेसुरले नुकसान करतात. गाडीने फळी आणि मानेचा पट्टा घेऊन जावे, हेही आधीच कळवता आले.

उत्तर ३ : निवृत्त पायलट

माझी फजिती वैद्यकीय नाही, विजेची आहे. दिवाडी बेटावर पूल नाही. फेरीबोटीशिवाय मार्ग नाही. एकदा परतताना बोटीवर शिस्तीने इंजिन बंद केले. पण वरचा दिवा, आतले दिवे, पंखा आणि सक्शनचे (घशातील स्राव ओढून काढणारे) यंत्र सुरूच राहिले. पलीकडे लागलो, तेव्हा बॅटरीने मान टाकली होती. ओहोटीमुळे धक्क्याचा उतार नेहमीपेक्षा उभा आणि शेवाळलेला होता. बोटीवरच्या खलाशांनी, दोन मासळीवाल्या बायकांनी आणि सायकल बाजूला टाकून आलेल्या एका पाद्रींनी गाडी ढकलत वर चढवली. आत पेशंटचे नातेवाईक मला जे बोलले, ते येथे लिहिण्याजोगे नाही, आणि त्यांचे बरोबरच होते.

ऑक्सिजनचाही हिशेब लिहून ठेवतो, कारण त्यात नवे लोक चुकतात. दीड घनमीटरचा भरलेला बी टाइप सिलिंडर मिनिटाला १० लिटरने सोडला तर साधारण १५० मिनिटे चालतो. गाडी घेतानाच काट्यावर नजर टाकावी. अर्धा असेल तर वेळही अर्धा, हे पेडण्याहून (गोव्याच्या उत्तर टोकाहून) निघताना आठवून उपयोग नसतो.

सिस्टरांच्या एका मुद्द्यावर मात्र माझा किंचित मतभेद आहे. सर्व काही लिहावे हे खरे. पण जेथे लिहिलेल्या नोंदीचा उपयोग फक्त नोटीस काढण्यासाठी होतो, तेथे मुले लिहायची बंद होतात. मी ज्या ठिकाणी नोकरी केली, तेथे हेच झाले.

पुन्हा प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. काल जुन्या नोंदीखाली तारीख घालून बादलीची हकीकत पूर्ण लिहिली आणि वरिष्ठांना दाखवली. ते आधी हसले, मग त्यांनी विचारले की खाली उतरताना पेशंटजवळ कोण थांबले. पायलटदादांचे म्हणणे तेव्हा आठवले. पण मी ‘कोणीही नाही’ असेच लिहिले आहे.