कल्टी, दांडी आणि उंदरांची वाट: इंडोनेशियातले अनुभव

इंडोनेशियात राहिलेल्या मंडळींनो, निघणं, सटकणं, टाळणं यासाठी तिथे कानावर पडलेले शब्द इथे लिहा. प्रसंगासकट हं, नुसता अर्थ शब्दकोशातही मिळतो.

मावळतीकर: आमच्या जकार्ताच्या ऑफिसात संध्याकाळी पोरं म्हणतात, "चाबुत, यूक!" चाबुत म्हणजे एरवी उपटणं, दात किंवा तण. बोलीत मात्र सरळ आपली कल्टी. तेच पोरगं साहेबांच्या दाराशी गेलं की खांदे झुकवून, "पामित दुलु, पाक," म्हणजे 'येतो आता, साहेब'. तिथे न सांगता उठून जाणं फार वाईट दिसतं.

कोकणकडा: जकार्तात 2016 पर्यंत 'थ्री इन वन' होतं. गर्दीच्या वेळी मोठ्या रस्त्यांवर गाडीत निदान तीन माणसं हवीत. मग काय, नियमाच्या हातावर तुरी द्यायला रस्त्याकडेला भाड्याचे प्रवासी उभे! त्यांना 'जोकी' म्हणत. एक बोट वर केलं की एकटा, दोन बोटं म्हणजे कडेवर बाळ असलेली बाई. बाळही मोजायचे. पुढे सम-विषम नंबरप्लेटचा नियम आला, आणि आमचे ड्रायव्हरकाका 'जालान तिकुस' शोधू लागले, म्हणजे उंदरांची वाट. एका बोळात आरसे मिटून घ्यावे लागायचे, दोरीवरचे कपडे काचेला घासायचे. वळणावर शिट्टी फुंकत गाड्या सोडणारा एक जण असायचाच. त्याच्या हातावर नाणं टेकवायचं. अशांना 'पाक ओगाह' म्हणतात, टीव्हीवरच्या जुन्या कठपुतळी मालिकेतल्या एका आळशी पात्रावरून. ओगाह म्हणजे 'छे, मी नाही करणार'. आणि हा बिचारा दिवसभर उन्हात उभा!

साबुदाणा: मी बांडुंगला शिकले. दांडी मारणं म्हणजे 'बोलोस', आणि प्रॉक्सीला 'तितिप आब्सेन'. तितिप म्हणजे एखादी वस्तू कुणाकडे सोपवणं. हजेरीही तशीच मैत्रिणीकडे ठेवायला द्यायची! मला हे फार आवडलं. सरांना अर्थातच नाही.

दर्यावर्दी: सुराबाया. फेब्रुवारी 2025 मध्ये 'काबुर आजा दुलु' हा हॅशटॅग गाजला, म्हणजे 'आधी पळून तर जाऊ'. नोकऱ्यांना, पगारांना वैतागलेली तरुण मंडळी परदेशाची वाट विचारत होती. वरवर चेष्टा, पण आमचा ज्युनियर डब्याच्या वेळी खरंच जर्मनीच्या व्हिसाची पानं उघडून बसायचा. काही मंत्र्यांना हे झोंबलं. मला विचाराल तर, निम्मा महाराष्ट्र परदेशी पाठवून बसलेल्या आपण यावर बोलूच नये.

मावळतीकर: एक राहिलंच. "लग्न झालं?" याला तिथे सहसा 'नाही' म्हणत नाहीत, 'बेलुम' म्हणतात, म्हणजे 'अजून नाही'. आमच्या घरमालकीणबाई सत्तरीच्या, अविवाहित. कुणीही विचारलं की ठणकावून सांगायच्या, "बेलुम!"