अनमाउंटला मराठीत काय म्हणायचं?

तापीकाठ: कॉलेजच्या लॅबसाठी लिनक्सचं टिपण मराठीत लिहितोय. शटडाऊनच्या शेवटी फाइलसिस्टिम (डिस्कवरच्या फाइलींची मांडणी) अनमाउंट होते, म्हणजे चालू सिस्टिमपासून वेगळी होते, त्याला 'अवरोहण' लिहिलं तर पोरं म्हणे सर गाण्याचा क्लास आहे का. साधा शब्द सांगा.

अमळनेरकर: उतरवणे. पूर्वी टेपचं रीळ खरंच हाताने ड्राइव्हवर चढवायचे, माउंट तिथलाच. काका त्या कामावर होते, घरीसुद्धा 'टेप चढव, टेप उतरव' असंच बोलायचे.

शहाद्याची लेक: दादा, उतरवणे नको, नेटवरून फाइल उतरवतो तो शब्द वेगळाच झालाय. 'सोडणे' घ्या. बैल सोडताना हातातलं तास पुरं करूनच सोडतात, अर्ध्यात जू काढत नाहीत. इथंही रॅममध्ये अडकलेला डेटा डिस्कवर गेल्याशिवाय सोडत नाही.

भुसावळी: सोडणे म्हणजे टाकून देणेही होतं ताई. आणि आधी काम काय होतं ते बघा भो, सिस्टमडी (लिनक्स चालू-बंद सांभाळणारा प्रोग्राम) सर्व्हिसेसना, म्हणजे मागे चालणाऱ्या प्रोग्रामांना, थांबायला सांगतं, ठरवून दिलेलं नसेल तर ९० सेकंद वाट बघतं, तरी ऐकलं नाही तर सिगकिल म्हणजे जबरदस्तीने बंद, मग फाइलसिस्टिमी काढतं आणि रूट म्हणजे मुख्य फाइलसिस्टिम तर आधी रीड-ओन्ली (फक्त वाचता येईल अशी) करतं. एनएफएस (नेटवर्कवरून जोडलेली फाइलसिस्टिम) असेल तर नेटवर्क जायच्या आधीच काढावी लागते नाहीतर लटकतं. एखादी फाइल उघडी राहिली की 'टारगेट इज बिझी', मग फ्यूजर नाहीतर एलएसओएफ कमांड लावून ती कोणी उघडलीय ते शोधत बसा. हे सगळं एका शब्दात बसवायचं म्हणता?

यावलचा: म्हणून अनमाउंटच ठेवा. कमांडसुद्धा 'युमाउंट' आहे, पहिला एन त्यांनीच गाळलाय.

अमळनेरकर: देवनागरीत लिहिलं की मराठी झालं का? उद्या 'सिंक' (रॅममधला डेटा डिस्कवर लिहिणं) पण तसंच ठेवाल.

यावलचा: ठेवणारच, मास्तरही तसंच बोलतात. लाइट गेली की ext४ या फाइलसिस्टिमचं जर्नल (बदलांची नोंदवही) फाइलसिस्टिमचा सांगाडा वाचवतं, पण डिस्कवर न गेलेला डेटा जातोच, पोरांना ते कळणं जास्त गरजेचं.

शहाद्याची लेक: मग 'सोडणे'त नेमकं तेच येतं ना, आधी काम पुरं.

भुसावळी: 'तास पुरा' म्हणा ताई.

शहाद्याची लेक: घड्याळाचा तास पुरा, नांगराचं तास पुरं. आमच्याकडे असंच म्हणतात.

अमळनेरकर: आमच्याकडे पण पुरंच.

भुसावळी: आमच्या गावात दोन्हीला पुरा. विचारून सांगतो आप्पांना.