१४ महिन्यांच्या बाळाचा एक्झिमा: मलम नेमकं किती लावायचं, आणि आंघोळीचं काय?

चिंचबन
मुलगी १४ महिन्यांची, वजन ९.८ किलो, राहणं पुण्यात. गालांवर, पोटऱ्यांच्या बाहेरच्या बाजूला आणि आता कोपराच्या आतल्या घडीतही खरखरीत, खाजरे चट्टे. त्वचारोगतज्ज्ञांनी अॅटोपिक डर्मटायटिस, म्हणजे इसब, असं निदान केलंय. अंगाला फ्लुटिकासोन ०.०५ टक्के क्रीम रात्री एकदा, चेहऱ्याला हायड्रोकॉर्टिसोन १ टक्का (दोन्ही स्टेरॉइड), शिवाय दोन वेळा मॉइश्चरायझर. लावलं की चार दिवसांत चट्टे बसतात, थांबवलं की आठवड्याभरात परत हजर.

आता प्रश्न. "पातळ थर लावा" म्हणजे नेमका किती? फ्लुटिकासोनची १० ग्रॅमची ट्यूब दीड महिना झाला तरी अर्धी शिल्लक आहे. बोअरचं पाणी जड आहे, सॉफ्टनर बसवावा का? घरात डाळीचं पीठ आणि साय लावा असा आग्रह आहे, मालिशवाल्या मावशी मोहरीचं तेल सुचवतात. दूध-अंडं बंद करून बघावं का? आणि गालांवर फिकट डाग राहिलेत, ते स्टेरॉइडचे की कोडाची सुरुवात?

औषधपेटी
चट्टे परत का येतात ते तुम्हीच लिहिलंय: दीड महिन्यात अर्धी ट्यूब.

"पातळ थर" हे शब्द विसरा, बोटाने मोजा. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेरावर, घडीपासून टोकापर्यंत, नेहमीच्या तोंडाच्या ट्यूबमधून एक रेघ काढायची. ते साधारण अर्धा ग्रॅम. एवढ्यात मोठ्या माणसाचे दोन पंजे (बोटं मिटून, तळहाताच्या बाजूने) मावतील इतकी त्वचा झाकली जाते. आता तुमचाच पंजा चट्ट्यांवर धरून मोजा. दोन्ही पोटऱ्या मिळून दोन पंजे आणि कोपरांच्या घड्या मिळून एक, असं धरलं तर दीड रेघ, म्हणजे पाऊण ग्रॅम रोज. दहा दिवसांचे साडेसात ग्रॅम झाले. तुम्ही ४५ दिवसांत पाच ग्रॅम वापरलंत. औषध बरोबर आहे, पोचलंच नाही.

पूर्ण अंगाचा हिशोबही देतो, १ ते २ वर्षांच्या बाळासाठी: चेहरा-मान दीड रेघ, एकेका हाताला दीड, एकेका पायाला दोन, छाती-पोट दोन, पाठ आणि कुल्ले तीन. बेरीज साडेतेरा रेघा, पावणेसात ग्रॅम. हा आकडा मॉइश्चरायझरला जास्त उपयोगी आहे. दोन वेळा सगळ्या अंगाला म्हणजे रोज साडेतेरा ग्रॅम, आठवड्याला ९५ च्या आसपास. हे झालं कमीत कमी, कारण मॉइश्चरायझर औषधापेक्षा जाड लावतात. नाइस या ब्रिटनमधल्या आरोग्यसंस्थेची मार्गदर्शक सूचना मुलांसाठी आठवड्याला २५० ते ५०० ग्रॅम सांगते. १०० ग्रॅमची ट्यूब महिनाभर पुरत असेल तर ते मॉइश्चरायझिंग नव्हे, नैवेद्य.

थांबायचं कधी? दिसायला बरं झालं की नाही. डोळे मिटून बोट फिरवा. चट्टा आणि शेजारची त्वचा सारखीच गुळगुळीत लागली की त्यानंतर आणखी दोन दिवस लावायचं, मग थांबायचं. चौथ्या दिवशी लाली जाते, पण आतली सूज शिल्लक असते, म्हणून तुमचं चक्र चालू आहे. अंगावर हे साधारण ७ ते १४ दिवस चालतं, चेहऱ्यावर ३ ते ५. एवढ्यात बसलं नाही तर स्वतःहून लांबवू नका, परत दाखवा. त्याच जागी महिन्यातून दोन-तीनदा उसळत असेल तर बरं झाल्यावरही त्या ठरलेल्या जागांवर आठवड्यातून दोन दिवस (समजा बुधवार-रविवार) तेच औषध चालू ठेवण्याची पद्धत आहे. ती डॉक्टरांना विचारून सुरू करा.

आधी औषध की आधी मॉइश्चरायझर यावर वाद घालणारे घालोत. दोन्हींत १५ ते ३० मिनिटांचं अंतर ठेवा, नाहीतर औषध पातळ होतं आणि नको तिथे पसरतं.

आणि टक्क्यावरून ताकद ठरवू नका. हायड्रोकॉर्टिसोन १ टक्का हे सौम्य औषध, क्लोबेटासोल ०.०५ टक्के हे त्याच्या कित्येक पट तीव्र. खरी भीती बाळगायची ती केमिस्ट "खाजेचं मलम" म्हणून चिठ्ठीशिवाय देतो त्या मिश्रणांची: एकाच ट्यूबमध्ये तीव्र स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक. लंगोटाच्या जागी तर अजिबात नको. तिथे लंगोट किंवा डायपर झाकणाचं काम करतो आणि औषध जास्त शोषलं जातं.

पाणवठा
पाण्याबद्दल. सॉफ्टनरचे पैसे वाचवा. ब्रिटनमध्ये ३३६ मुलांवर चाचणी झाली होती, निष्कर्ष २०११ मध्ये आले. नेहमीच्या उपचारांच्या जोडीला घरात सॉफ्टनर बसवून १२ आठवड्यांत एक्झिमात काही जास्तीचा फरक पडला नाही. जड पाण्याचा त्रास मुख्यतः साबणाबरोबर होतो. पाण्यातलं कॅल्शियम आणि साबण मिळून जो चिकट साका बादलीच्या कडेला बसतो, तोच त्वचेवरही बसतो. साबण काढून टाका, निम्मा प्रश्न मिटतो. साबणाचा पीएच (आम्ल-अल्कलीचं माप) ९-१० च्या घरात, त्वचेचा ५ च्या आसपास. त्याऐवजी साबणविरहित, बिनवासाची वडी किंवा क्लेन्झर, आणि तोही फक्त काखा, जांघा, मानेच्या वळ्या, हात-पाय मळले असतील तर तिथे. बाकी अंगाला नुसतं पाणी पुरतं.

आंघोळ रोज चालेल. पाणी कोमट, कोपर बुडवल्यावर ना गार ना गरम. ५ ते १० मिनिटं, त्याहून जास्त नाही. आपल्याकडे बाळाला "कडकडीत" पाण्याने शेकून काढायची हौस असते, ती इथे महागात पडते: तासाभराने खाज दुप्पट. पंच्याने टिपायचं, चोळायचं नाही. त्वचा दमट असतानाच, तीन-एक मिनिटांत, मॉइश्चरायझर. म्हणून ट्यूब न्हाणीघराबाहेर नको, हाताशी हवी. पाण्यात घालायची "बाथ ऑइल" घेऊ नका. १ ते ११ वर्षांच्या ४८२ मुलांच्या चाचणीत (२०१८) नेहमीच्या काळजीपेक्षा वेगळा फायदा दिसला नव्हता, आणि बाळ हातातून निसटायचा धोका वर.

डाळीचं पीठ, साय, उटणं: नको. पीठ खरखरीत, घासलं की आधीच तुटलेला थर आणखी सुटतो. दुसरं कारण जास्त गंभीर आहे. फाटलेल्या त्वचेतून दूध, डाळ, शेंगदाणा, बदाम यांची प्रथिनं आत गेली तर शरीर त्यांना शत्रू समजायला शिकू शकतं. पोटात गेलेलं अन्न सहन व्हायला शिकवतं, त्वचेतून गेलेलं ॲलर्जी शिकवतं, असं ढोबळमानाने समजा. नरकचतुर्दशीला उटण्याचं बोट कपाळाला लावून शास्त्र पाळा, पण कपाळ कोरं असेल तरच.

मोहरीचं तेल त्वचेला झोंबतं, त्वचेचा थर ढिला करतं. ऑलिव्ह तेलही त्याच पंक्तीतलं. खोबरेल चालेल.

औषधपेटी
खोबरेलला थोडी पुरवणी. घाण्याच्या शुद्ध खोबरेल तेलाच्या बाजूने सौम्य-मध्यम एक्झिमाच्या छोट्या चाचण्या आहेत, त्यामुळे विरोध नाही. पण तेल पाणी उडू देत नाही, स्वतः पाणी धरून ठेवत नाही. कोरड्या अंगावर नुसतं तेल म्हणजे रिकाम्या डब्याला झाकण. ओल्या त्वचेवर लावा किंवा क्रीमच्या वरून लावा. आणि मालिश करायची तर चट्टे सोडून, हलक्या हाताने. जोरात रगडलं की उष्णता, उष्णतेने खाज.

महागडा ब्रँड हवाच असं नाही. लोशन, क्रीम, जेल, ऑइंटमेंट या चारांची तुलना ब्रिटनमध्ये ५५० मुलांवर झाली (२०२२), परिणामात फरक नव्हता. जे बाळाला झोंबत नाही आणि भरपूर लावणं परवडतं ते उत्तम. पुण्याच्या हिवाळ्यात घट्ट ऑइंटमेंट, एप्रिल-मेमध्ये किंवा कोकणातल्या दमट हवेत क्रीम, नाहीतर घामोळं उठतं. डबा घेतला तर बोटं बुडवू नका, स्वच्छ कोरड्या चमच्याने काढा.

पिंपळपान
आहाराबद्दल: स्वतःच्या मनाने दूध-अंडं बंद करू नका. एक्झिमा हा मुळात त्वचेच्या तटबंदीचा आजार आहे. मध्यम-तीव्र एक्झिमा असलेल्या मुलांत अन्नाची ॲलर्जी जास्त आढळते हे खरं, पण बहुतेक वेळा ती एक्झिमाचं कारण नसते. संशय कधी घ्यायचा? तो पदार्थ खाल्ल्यावर काही मिनिटं ते दोन तासांत गांधी उठणं, ओठ-डोळे सुजणं, उलटी, घरघर. किंवा उपचार नीट (वर सांगितलेल्या मापाने!) करूनही एक्झिमा हटत नसेल आणि जोडीला जुलाब, शौचात रक्त, वजन न वाढणं असेल. तेव्हा डॉक्टरांकडे, आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच तो पदार्थ बंद.

"३० पदार्थांची ॲलर्जी टेस्ट" उगाच करू नका. रक्तातला आयजीई (ॲलर्जीशी निगडित प्रतिपिंड) वाढलेला असणं म्हणजे संवेदनशीलता, ॲलर्जी असेलच असं नाही. एक्झिमाच्या मुलांत असे पोकळ पॉझिटिव्ह ढिगाने निघतात, मग बाळाचं दूध, गहू, अंडं, डाळ सगळं तोडलं जातं आणि वजन घसरतं. आणखी वाईट म्हणजे पचत असलेला पदार्थ अनेक महिने तोडून परत दिला तर काही मुलांत तेव्हा खरी, तीव्र ॲलर्जी उमटते. शेंगदाणा, अंडं आजवर सुखाने खात असेल तर खाऊ द्या. कूट बारीक करून वरणात-लापशीत. अख्खा दाणा मात्र पाच वर्षांपर्यंत नाही, घशात अडकतो.

टोमॅटो, लिंबू, संत्र्याने तोंडाभोवती लाल होतं ते बहुधा नुसतं झोंबणं. जेवणाआधी हनुवटी-गालांना व्हॅसलीनचा थर, जेवल्यावर ओल्या फडक्याने टिपून परत थर. लाळ गळते त्या दिवसांत हेच करायचं.

फिकट डाग: सूज उतरल्यावर सावळ्या-गव्हाळ त्वचेवर रंग काही महिने फिका राहतो, उन्हात जास्त उठून दिसतो. हे दुधासारखे पांढरेफेक नसतात, कडा पुसट असतात, वर बारीक कोंडा असतो. कोडाचे डाग खडूसारखे पांढरे, कडा स्पष्ट. शंका असेल तर डॉक्टर त्यासाठीचा खास अतिनील दिवा लावून लगेच सांगतात. या डागांना घाबरून औषध अर्ध्यात सोडलं की सूज परत, डाग परत. आणखी एक: आपल्या रंगावर सूज "लाल" दिसेलच असं नाही, करडी, जांभळट, काळपट दिसते. म्हणून हाताने तपासा.

रानजाई
सगळं बरोबर, पण एक गोष्ट कुणीच लिहिली नाही: खरूज. रात्री खाज वाढणं, घरात आणखी कुणाला खाज, बाळाच्या तळहात-तळपायांवर, काखेत, बेंबीजवळ बारीक फोड किंवा पुटकुळ्या, असं असेल तर ते एक्झिमा म्हणून कितीही मलम चोपडा, उपयोग नाही. उलट स्टेरॉइडने खरूज दबते आणि पसरते. तिच्यावर पर्मेथ्रिन ५ टक्के मलम, घरातल्या सगळ्यांना एकाच दिवशी, आठवड्याने पुन्हा. बाळाला डोक्या-कानांसकट कसं लावायचं ते विचारून. बाळाच्या एक्झिमात लंगोटाची जागा सहसा कोरी सुटते, तिथेच जास्त पुरळ असेल तर वेगळा विचार करा. गोल, कडेला उठलेला, मध्ये साफ होत जाणारा चट्टा असेल तर नायटा.

त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यायचं ते असं: मधासारखी पिवळी खपली, लस गळणं, पू, गरम लागणारी वाढती सूज. आणि रात्रीचे दोन वाजले तरी न्यायचं ते असं: एकसारख्या आकाराचे, १ ते ३ मिलिमीटरचे, टोचून काढल्यासारख्या खड्ड्यांचे फोड झपाट्याने वाढताहेत, दुखताहेत, ताप आहे. ती नागिणीच्या कुळातल्या हर्पिस विषाणूची लागण असू शकते. त्यासाठी असायक्लोव्हिर हे विषाणूवरचं औषध लागतं, आणि डोळ्याजवळ असेल तर उशीर परवडत नाही. ओठावर ज्वराचा फोड आलेल्या मोठ्यांनी बाळाच्या गालाची पापी घ्यायची नाही, मग ती आजी का असेना.

करगोटा, काळा दोरा, चांदीचे वाळे यांच्याखाली घाम साचतो आणि नेमकी तिथेच त्वचा उकलते. काढून ठेवा. लोकरीची बंडी अंगाला लागू देऊ नका, आत जुना सुती कपडा. कपडे धुताना एकदा जास्त विसळा, कंडिशनर बंद. नखं आठवड्यातून दोनदा कापा.

चिंचबन
खूप आभार. आजच पंजे मोजले, साडेतीन निघाले. एक राहिलं: नवं मॉइश्चरायझर लावलं की रडते. आणि झोपेसाठी खाजेचं सिरप देऊ का?

औषधपेटी
लेबलवर युरिया, लॅक्टिक ॲसिड, प्रोपिलीन ग्लायकॉल किंवा सुगंध आहे का बघा. उकललेल्या त्वचेला हे झोंबतात. फोड-भेगा भरेपर्यंत बिनवासाची पेट्रोलियम जेली वापरा, नंतर क्रीमवर या. आधी मलमाने सूज बसवली की त्याच क्रीमने रडणंही बहुधा थांबतं.

सिरप नको. एक्झिमाची खाज मुख्यतः हिस्टामाइनची नसते, त्यामुळे ॲलर्जीचं सिरप खाज फारशी थांबवत नाही, फक्त गुंगी आणतं. या वयात डॉक्टरांनी मोजके दिवस लिहून दिलं तरच.

जेली किंवा कुठलंही तेलकट मॉइश्चरायझर भरपूर लावायला लागाल तेव्हा एक लक्षात ठेवा. ते कपड्यांत, दुपट्यांत मुरतं, धुऊनही पूर्ण जात नाही, आणि असा कपडा भसकन पेट घेतो. समई, निरांजन, धुपाटणं, शेगडी यांच्यापासून बाळ लांब, दिवाळीत फुलबाजीपासून तर हमखास. दुपटी गरम पाण्यात धुवा, आणि ती वेगळी ठेवा.